न धुतलेली द्राक्षं

तेहतीस सालच्या मार्गशीर्षात केळशीच्या दादू भंडाऱ्याच्या द्राक्षवेलावर उडद्या पडला. मोहरीएवढा काळपट भुंगेरा, धरायला जावं तर टुणकन उडून जाणारा. चार दिवसांत त्यानं कोवळ्या पानांची चाळण करून टाकली.

केळशीत द्राक्षवेल हेच मुळी नवल होतं. माड, पोफळी, फणस, कुंपणाच्या वईवरचे काजू एवढाच गावाचा संसार. पण दादूचा मेहुणा लवू नाशिककडे एका मळ्यात माळी होता, त्यानं काड्या आणून दिल्या आणि दादूनं विहिरीजवळचा कातळ फोडून, खड्ड्यात माती नि शेणखत भरून त्या लावल्या. लावल्या म्हणजे काय, दादू बाजूला बसून काठीनं दाखवत होता आणि पहार त्याच्या सुनेच्या, बकुळेच्या हातात होती. खारं वारं नि तांबडी माती, तिथं द्राक्ष कसलं जगतंय, असं सगळे म्हणत होते. वेल जगला. बकुळेनं विहिरीची लाट ओढून ओढून, पाणी घालून तो जगवला, आणि गाव म्हणालं, दादूच्या हाताला गुण आहे.

दादूच्या हाताला गुण होता हे मात्र खोटं नव्हतं. त्याच्या मडक्यातल्या माडीसाठी आंजर्ल्याहून माणसं चालत येत. पाच वर्षांपूर्वी तो माडावरून पडला, कंबरेचं हाड सांधलं ते वाकडंच. भंडारी माडावर चढत नाही म्हटल्यावर त्याला विचारतो कोण? पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. द्राक्षाची दारू करून दाखवीन, असं तो पडवीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, आणि आबकारीचा शिपाई दिसला की दारूचं औषध व्हायचं.

औषध हेही तसं खरंच होतं. त्याची लेक गुणवंती आंजर्ल्याला दिली होती. दोन पोरं पोटातच गेली, अंगात रक्त म्हणून उरलं नाही. आता तिसऱ्यांदा दिवस राहिले होते आणि वैशाखात ती माहेरी बाळंत व्हायची होती. बाळंतिणीला चाळीस दिवस द्राक्षाची दारू वाटीवाटीनं पाजायची, तिला उभी करायची, हा दादूचा निश्चय. म्हणून त्या उडद्यावर त्याचा एवढा राग.

लवूमामा त्याच महिन्यात येऊन गेला तो एक पत्र्याचा डबा ठेवून. आत पिठीसारखी पांढरी भुकटी.

"ह्यात सोमल हाय, दाजी," तो पडवीत दादूला सांगत होता. बकुळा पाण्याचा तांब्या ठेवायला आली होती, तिनं ऐकलं. "पान्यात कालवून पानांवर मारायची. घड धरल्यावर डब्याला हात लावायचा नाय. आनि द्राक्षं खाताना चांगली धुवून घ्यायची. आमच्या मळ्यात दोन बैल गेले हिच्यापायी."

"बैलाला काय कळतं?" दादू हसला.

रंगाची पितळी पिचकारी काढली गेली. बादलीत भुकटी कालवायची, पिचकारी भरायची, मान वर करून मांडवावर मारायची. काम अर्थात बकुळेचं. पांढरं पाणी कोपरावरून काखेत ओघळायचं. दोन दिवसांत तिच्या बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्या, मिठाला हात लावला की डोळ्यांत पाणी यायचं. तिनं खोबरेल लावलं आणि भाकऱ्या थापल्या. सांगायचं कुणाला? नवरा मोरू तीन वर्षांपूर्वी गलबतावरून पडून गेला. मूलबाळ नाही. भाऊ मुंबईला गिरणीत, त्याची स्वतःचीच सहा तोंडं. या घराच्या आढ्याखालून निघाली तर तिला दुसरं आढं नव्हतं, आणि ते तिच्याइतकंच घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

उडद्या गेला. वेलाला घड लागले, मण्यांत पाणी भरायला लागलं, आणि शिमग्याची पालखी देवळात परत गेली त्या आठवड्यात उडद्या पुन्हा आला.

"काढ डबा," दादू म्हणाला.

बकुळा जागची हलली नाही. "मामंजी, लवूमामा म्हनले होते, घड धरल्यावर..."

"लवू माळी हाय. मी भंडारी हाय. घड कोनासाठी राखायचे ते मला सांगतंस? जरा जास्ती घाल. मागल्या टायमाला पातळ झालं होतं."

तिनं जास्ती घातली. पानांखालचे घड पांढरे झाले, वाळल्यावर मण्यामण्यावर राख बसल्यासारखं दिसायला लागलं. चौथ्या दिवशी मांडवाखाली टिपणाऱ्या तीन कोंबड्या मरून पडल्या. सासू मथुरा म्हणाली, "मर आली गो गावात." मर केळशीत दुसऱ्या कुणाच्याच घरी आली नव्हती. बकुळेनं कोंबड्या पुरल्या. खड्डा जरा खोल केला, कुत्र्यानं उकरू नये म्हणून.

चैत्रात द्राक्षं उतरवली. सहा हारे झाले, दादूची छाती सहा बोटं फुगली. आतल्या खोलीत दोन मोठ्या चिनी बरण्या नि एक लहान उन्हात तापवून मांडल्या होत्या. दादू पाटावर बसला, एक घड उचलून उजेडात धरला नि मथुरेला म्हणाला, "हे बघ. मन्यावर पांढरी लव दिसते ना? ह्यातच आंब असते, रसाला फेस आननारी. माडाचं मडकं आपन कधी धुतो?"

"नाय," मथुरा म्हणाली. भंडाऱ्याच्या घरात जन्म गेलेला, एवढं काय तिला कळत नव्हतं! मडकं धुतलं की आंब मेली, हे त्या घरातलं रांगतं पोरही सांगेल. दादूच्या आजाचं मडकं होतं, त्याला पाणी म्हणून कधी लागलं नव्हतं.

"तसंच हे. पान्याचा थेंब लावायचा नाय. पुसायचंसुद्धा नाय."

द्राक्षावर लव असते हे खरं. पण त्या मण्यांवर लव कुठली नि डब्यातली भुकटी कुठली, हे पिचकारी मारणारीला ठाऊक होतं.

"मामंजी, ते पांढरं सोमलाचं हाय," बकुळा म्हणाली. "माझ्या हातानं मारलंय. कोंबड्या मेल्या त्यानं. एक डाव पान्यातून काढूया."

दादूनं घड हाऱ्यात ठेवला. "तुझ्या बापसानं कधी मडकं लावलंन? नाय ना? मग गप ऱ्हा. आंबेला अग्नी असतो. अन्न रटरटून शिजतं तसं ते आतल्या आत शिजतं. सोमल काय नि बिमल काय, सगळं जळून जातं."

दुपारी दादू जेवून घोरायला लागला. चार हारे तोवर दोन मोठ्या बरण्यांत कुस्करून झाले होते. उरलेले दोन बकुळेनं उचलले, विहिरीवर नेले आणि तांदूळ धुवायच्या रोवळीत घालून एकेक घड धुतला. पहिलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढरंफेक निघालं. दुसरंही. चौथ्या पाण्याला ते निवळलं. सगळं धुवण तिनं विहिरीपासून लांब कातळावर नेऊन ओतलं, आणि हात कोपरापर्यंत राखेनं घासले. द्राक्षं फडक्यावर पसरायला वेळ नव्हता. ओलीच लहान बरणीत भरली. मोठ्या बरण्यांना काही करता येण्यासारखं राहिलं नव्हतं. तरी जाता जाता तिनं एका बरणीतले वरचे चार कुस्करलेले घड उचलून पाहिले, आणि ओल्या हातानं तसेच परत टाकले.

मोठ्या बरण्या तिसऱ्या दिवशी बोलायला लागल्या. कान लावला की आत बुडबुड ऐकू येई, फडक्याखाली जांभळा फेस चढे, आणि वासानं दादूच्या तोंडावर पाच वर्षांत दिसलं नव्हतं असं तेज आलं. लहान बरणी मुकीच राहिली. आठव्या दिवशी तिच्यावर करडी बुरशी धरली.

दादूनं बोट बुडवून चाखलं. मग त्यानं बकुळेला हाक मारली, पण आधी शेजारच्या काशीला मारली. घरातली पाणउताऱ्याची गोष्ट शेजारणीसमोर झाली म्हणजे ती गावभर पोचते.

"पानी लावलंस?"

"होय."

"काशे, ऐक. सांगूनसवरून पानी लावलंन हिनं. माझ्या गुनवंतीच्या तोंडचं नासवलंन."

"तिच्यासाठीच धुतली," बकुळा म्हणाली. "पानी दुधासारखं निघालं, मामंजी. सगळं इख निघालं. मोठ्या बरनीत ते तसंच हाय."

दादू उठला, काठी टेकत मोठ्या बरणीपाशी गेला, वाटीभर काढली आणि दोघींच्या देखत घटाघटा प्यायला. मिशी पुसली. "मेलो?" त्यानं विचारलं. "काय गो काशे, मेलो काय मी?"

काशी पदर तोंडाला लावून हसली. लहान बरणी बकुळेनं स्वतःच्या हातानं उकिरड्यावर उपडी करायची, असं ठरलं. केली.

"ह्यापुढं आंबेच्या खोलीत पाऊल टाकायचं नाय," दादू म्हणाला. "नि पटत नसंल तर वाट मोकळी हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादू पडवीत तंबाखू मळत बसलेला होता. तिसऱ्या दिवशीही. बकुळा रोज त्याच्याकडे चोरून बघायची. मेला नाही, आजारी पडला नाही, साधं पोट दुखलं म्हणाला नाही. हळूहळू तिला वाटायला लागलं, असेलही आंबेला अग्नी. एवढी पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या, ती खोटी कशी असेल? तिला तसं वाटायला हवंच होतं, म्हणून वाटलं. माणूस आपल्या सोयीचं फार लवकर पटवून घेतं.

वैशाख सरता सरता गुणवंती बाळंत झाली. गंगा सुईणीनं मुलगा हातात घेतला आणि तो पहिल्या दमात रडला. दादू बाहेर उकिडवा बसला होता, त्याला उठता येईना. बकुळेनं हात दिला तेव्हा त्यानं तो धरला आणि धरूनच राहिला. म्हातारा रडत होता. त्या दिवशी बकुळेला त्याचं सगळं विसरावंसं वाटलं.

पाचवी झाली आणि वाटी सुरू झाली. सकाळी एक, तिन्हीसांजेला एक. दादू स्वतः गाळून द्यायचा, बाळंतिणीच्या खोलीत न्यायची ती बकुळेनं. पहिल्या दिवशी उंबऱ्यात तिचे पाय थबकले.

"काय झालं, वयनी?" गुणवंतीनं विचारलं.

सांगायचं तर तेवढाच क्षण होता. बाहेर दादूची काठी वाजली. बकुळेनं वाटी पुढं केली.

"गोड हाय गो," गुणवंती म्हणाली. तिचे ओठ जांभळे झाले होते. "सांगू तुला? बाबा जन्मात माझ्याशी धड बोलले नायत. लग्नात सुदिक. आता रोज सकाळी इचारतात, प्यालीस काय बाय? म्हनून मी थेंब ठेवत नाय."

आठवड्यात तिला ओकारी सुरू झाली. पंधरवड्यात पोट बिघडलं, पाण्यासारखं होऊ लागलं. मथुरा म्हणाली बाळंतवारा. दादूनं दोनाच्या तीन वाट्या केल्या. मग पायाच्या तळव्यांना आग सुटली, जशी निखाऱ्यावर उभी आहे. बकुळा थंड पाण्यात फडकी बुडवून पायांना गुंडाळायची आणि त्या पायांची कातडी जाड, काळपट होत चाललेली बोटांनी चाचपायची. एका दुपारी गुणवंतीनं पोर उचललं आणि तिच्या मनगटातून ते निसटलं. मांडीवर पडलं म्हणून बरं. ती आपल्या हातांकडे बघत राहिली.

"वयनी, हात माझे ऐकत नायत गो."

बकुळा तशीच उठली आणि चुलीपाशी मथुरेला गाठलं. "आत्याबाय, ती वाटी बंद करा. तुमच्या पाया पडत्ये. ते इख हाय."

मथुरेच्या हातातली फुंकणी थांबली. तिला कळत नव्हतं असं नाही. तीन कोंबड्या तिच्याही होत्या. पण आपलेच दात नि आपलेच ओठ. "माझ्या लेकीला तिच्या बापसानं इख दिलान, असं म्हनतंस?" ती हळूच म्हणाली. "बकुळे, हे पुन्हा तोंडातून काढू नको. तुझा नवरा गेला तेव्हा आम्ही तुला बाहेर नाय काढली."

आषाढात बायकोला बघायला आंजर्ल्याहून जावई सखाराम आला. तो कमी बोलणारा माणूस होता. आत गेला, बाहेर आला आणि डोली बघायला निघाला. भर पावसात चिखल तुडवत चार माणसांनी गुणवंतीला दापोलीला नेलं, पोराला पदराखाली घेऊन बकुळा मागून चालली. डॉक्टरनं हात पाहिले, तळवे पाहिले, नखांवर उमटलेल्या आडव्या पांढऱ्या रेघा पाहिल्या आणि विचारलं, "घरात सोमल आहे?"

सखारामानं बकुळेकडे पाहिलं.

"हाय," बकुळा म्हणाली. "द्राक्षांवर मारतो. त्याची दारू तिला देतात."

"बरणी ओतून टाका," डॉक्टर म्हणाला. "पोराला वरचं दूध द्या. वेळेत आणलंत. सावकाश सुधारेल."

बकुळेला रडू आलं. एवढ्या महिन्यांत तिचं म्हणणं कुणीतरी खरं मानलं होतं.

ते खरेपण केळशीपर्यंत टिकलं नाही. दोन दिवसांनी डोली परत आली त्या संध्याकाळी पडवीत माणसं जमली. दादू, भावकीतला वडीलधारा रावजी, सखाराम, आणि दारात काशी. सखारामानं सोमल म्हटल्यावर दादूचा चेहरा पिठासारखा झाला. तेव्हा बकुळा बोलली, सगळं बोलली. डबा, लवूमामाचं सांगणं, दुसऱ्यांदा मारलेली भुकटी, कोंबड्या. "म्हनून मी दोन हारे धुतले," ती म्हणाली. "सगळे धुतले असते तर हे झालं नसतं."

"धुतलेस?" रावजीनं भुवया वर केल्या. "द्राक्षं धुतलीस?"

"चार पान्यांनी."

रावजीनं दादूकडे पाहिलं. तोही भंडारीच होता, तीस वर्षं माड तासलेला. "आंबेत पानी?" तो म्हणाला, आणि पडवीत एकदम सगळं सगळ्यांना कळल्यासारखं झालं.

"पन ती बरनी तर उकिरड्यावर ओतलीन," काशी म्हणाली.

"मोठ्या बरनीतले घड हिनं ओल्या हातानं चाळवलेन," दादू म्हणाला. त्याच्या तोंडावर रंग परत आला होता. "वरचे घड भिजलेले होते, मी हातानं बघितले. तेव्हा बोललो नाय, घरातली हाय म्हनून. पान्यानं अग्नी इझला. अग्नी इझल्यावर सोमल जळनार कसं?"

"मामंजी, सोमल मारायला तुम्ही सांगितलंत!"

"मारायला सांगितलं. इझवायला नाय सांगितलं."

आतून गुणवंतीचा क्षीण आवाज आला. दाराशी अंथरूण होतं तिचं, तिनं सगळं ऐकलं होतं. "बाबांना काय बोलू नका," ती म्हणाली. "बाबांनी मला अमृत दिलान. वयनी, तू मला आधी का नाय गो सांगितलंस? रोज तुझ्या हातानं दिलंस."

एवढंच एक खरं होतं त्या सगळ्या बोलण्यात, आणि ते नेमकं बकुळेलाच लागलं.

"हिला घरात ठेवू नका," सखाराम म्हणाला.

डॉक्टरनं बरणी ओतायला सांगितली होती, ती ओतली. भावाला पत्र गेलं. त्याचं उत्तर येईपर्यंत बकुळा गोठ्यात राहिली, पानावर वाढलेलं खाल्लं, पोराला हात लावायची बंदी होती. आणि गुणवंती सुधारू लागली. ओकारी थांबली, अन्न पोटात ठरू लागलं, तळव्यांची आग कमी झाली. बिघडलेली बरणी ओतली नि पोरीला उतार पडला, आणखी पुरावा तो काय पाहिजे? गावानं मान डोलावली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. बकुळा गोठ्यातून रोज तिच्या उतारावर आनंद मानत होती आणि त्या उतारानंच रोज जास्त गुन्हेगार ठरत होती.

श्रावणात नारळी पुनवेनंतर बोटी सुरू झाल्या तसा भाऊ आला. बोटीची वेळ गाठायची होती, त्यानं बोचकं उचललं. बकुळेनं सासूच्या पाया पडायला म्हणून खळ्यात पाऊल टाकलं तो पडवीचं दार उघडंच होतं. आत गुणवंती भिंतीला टेकून बसली होती. पुष्कळ दिवसांनी तिचे केस विंचरलेले दिसले. पण हात अजून मांडीवर तसेच लोळागोळा पडलेले. समोर दादू बसला होता आणि त्याच्या पुढ्यात दुसरी मोठी बरणी होती. तिचं फडकं नुकतंच सोडलं होतं.

"हिला पान्याचा थेंब लागलेला नाय," तो लेकीला सांगत होता. "मी स्वता भरली, स्वता बांधली. अंगात ताकद यायला पाहिजे ना बाय? तुला हात हालवायला नको. मी पाजतो."

त्यानं वाटी भरली आणि तिच्या ओठांना लावली. मथुरा शेजारी नातवाला घेऊन बसली होती, ती बाहेर बघत नव्हती. दाराशी काशी टेकली होती.

"गुनवंते!" बकुळा ओरडली. "पिऊ नको गो! त्यात तेच हाय, तेच द्राक्ष हाय!"

भावानं तिचा दंड धरला. गुणवंतीनं वाटीवरून एकदा खळ्याकडे पाहिलं, मग डोळे मिटून ती पीत राहिली, आणि काशीनं उठून पडवीचं दार लोटून घेतलं.